सव्वा मूठ गहू आणि माझी कातडी

हे लिहायला बसलो तेव्हा मंगला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लिखा, पन उगाच हसाडू नका. ज्याले व्हयेल शे त्याले हसू नई येस." मी म्हटलं, मलाच झालेलं आहे आणि मलाच हसू येतंय, आता काय करू? ती म्हणाली, "तुमले आते येस. तधळ नई ये." तेव्हा येत नव्हतं, हे खरं आहे. म्हणून जिथं घाबरलो तिथं घाबरलो असंच लिहितो.

कोपरं

सुरुवात कोपरांपासून झाली. शहाद्याजवळच्या आमच्या गावात माझं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ टेबलावर कोपरं टेकवून बसायचं, मशीनमध्ये नमुना घालायचा आणि फॅट किती लागलं ते ओरडून सांगायचं, हा माझा उद्योग. त्यामुळे दोन्ही कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढरी पापडी धरली, तेव्हा मी सगळा दोष टेबलाला दिला. टेबलावर जाड टॉवेल अंथरला. मग चट्टे गुडघ्यांवर आले. गुडघे काही मी टेबलावर टेकवत नव्हतो.

मेडिकलवरून एक ट्यूब आणली. लावली की चट्टा मावळायचा, बंद केली की दुप्पट जोरानं यायचा. चुलतभाऊ आबादादानं करंजाचं तेल सांगितलं, शेजाऱ्यानं गोमूत्र, कुणी कडुनिंबाच्या पाल्याची अंघोळ. मी सगळं केलं. अंगाला असा काही वास यायचा की गोठ्यातल्या म्हशी माझ्याकडे वळून बघायच्या.

खाजेबद्दल काय सांगू. चारचौघांत हात नुसता शिवशिवतो, आणि आपण गप्पांत मान डोलवत मनातल्या मनात मोजत असतो की हा माणूस कधी उठेल. काळे शर्ट घालणं सोडलं, कारण डोक्यातला कोंडा खांद्यावर पिठासारखा पडायचा. सकाळी अंथरूण उचललं की खाली भुसा. पूनम, माझी मुलगी, लोणखेड्याला कॉलेजात जाते. तिच्या मैत्रिणी घरी यायच्या असल्या की ती आधी माझ्या खाटेखालून झाडू फिरवायची. बोलायची काही नाही. झाडूचा आवाज मात्र मला अंगणात ऐकू यायचा.

मग तळहात गेले. भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. माझं काम दुधाचं. एक दिवस गावातले एक म्हातारे बाबा कॅन घेऊन आले. मी हात पुढे केला तर त्यांनी कॅन मागे घेतला आणि म्हणाले, "नाना, तू बठ. मी वतस."

"बाबा, मी वततो ना."

"तसं नई रे भो. हाई लागस का?"

"नई लागत."

"तुले कोनी सांगं?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून सगळेच आपापलं दूध स्वतः ओतायला लागले. मी टेबलामागे पाहुण्यासारखा बसून राहिलो.

मूठ

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने, साडी नेसवून देवीला चौरंगावर बसवायचं आणि तिच्या नावानं रोट करायचे. रोटाचे गहू कुणी तराजूवर मोजत नाही. भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घालायच्या. ते गहू धुवायचे, दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या. हा रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच. पुनवेच्या आत पीठ संपवायचं.

आमच्या भाऊबंदकीचा सगळा कारभार जिजीकडे. जिजी म्हणजे माझी चुलती, मोठ्या काकांची बायको, आबादादाची आई. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून माझं नाक पुसण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं जिजीनं केलं. मी पन्नाशीला आलो तरी तिच्यासाठी मी सुरश्याच.

त्या वर्षी मी मूठ घालायला गेलो तेव्हा जिजी सुपासमोर बसली होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि सूप हळूच आपल्याकडे ओढलं.

"सुरश्या, तू ऱ्हाऊ दे. तुन्हा नावनी मूठ आबा घाली दी."

"का जिजी?"

"देवीनं काम शे बाप्पा."

आबादादानं माझ्याकडे न बघता आपली मूठ घातली, मग माझी. मी म्हटलं, "दादा, माझी जरा मोठी घाल, मी जाडा आहे." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन गोठ्यात जाऊन उभा राहिलो. नावानं मूठ लहान पोरांची घालतात, किंवा जो परगावी असतो त्याची. मी तर समोर उभा होतो.

निदान

दिवाळीनंतर मंगलानं मला नंदुरबारला नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः हाताला धरून. कातडीच्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण. त्यांनी कोपरं पाहिली, केसांत पाहिलं, आणि मग माझी नखं उजेडात धरली. नखांवर शिवणाच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे होते. मी ते कधी बघितलेच नव्हते.

"काका, हा सोरायसिस आहे."

"लागतो का?"

"नाही. कुणाला लागत नाही."

मंगलानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा प्रश्न विचारला, जो प्रत्येक पेशंट विचारत असणार. "कधी बरा होईल?"

बाई म्हणाल्या, "मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही. पण दाबून ठेवता येतो. मधुमेह, रक्तदाब ठेवतो ना, तसा."

त्यानंतर त्या बऱ्याच वेळ बोलल्या. आधी मलम आणि अंग ओलसर ठेवणं, त्यानं भागलं नाही तर विशिष्ट किरणांचा शेक, मग आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, आणि अगदीच हट्टी असेल तर नव्या प्रकारची महागडी इंजेक्शनं. हे मला आता माहीत आहे, कारण मंगलानं ऐकलं होतं. मी "मुळासकट जाणार नाही" इथंच थांबलो होतो. बाई बोलत होत्या आणि मी त्यांच्या टेबलावरच्या घंटीकडे बघत होतो. माझ्या मनात एकच चालू होतं की आता पुढच्या श्रावणातही माझी मूठ आबादादाच घालणार.

बाहेर आल्यावर मंगला म्हणाली, "बलायेल शे त्या तारीखले येवानं शे बरं." मी म्हटलं, येऊ. आम्ही गेलो नाही. मंगला आठवण करायची, मी कपाशीचं वेचणं पुढे करायचो, पपईची तोड पुढे करायचो. जो आजार जाणारच नाही त्याच्यासाठी बसभाडं कशाला, असा माझा हिशेब.

पुडी

आबादादा मनानं फार चांगला. दुसऱ्याची मूठ घालावी लागली हे त्यालाही लागलं असावं. तो कुठून तरी खबर घेऊन आला. सरहद्दीपलीकडे गुजरातेत एक वैद्य आहे, पांढरी पुडी देतो, मधातून घ्यायची, कसलाही चामडीचा रोग गेलाच म्हणून समज.

"डॉक्टरनी सांगं जाणार नई. आनि हाऊ म्हणस जाई. तू कोनाकडे जाशी?" आबादादानं विचारलं. हा प्रश्न सोरायसिस झालेल्या माणसाला विचारू नये.

पुडीनं जे केलं ते सांगायला मला आजही संकोच वाटतो, कारण ते इतकं सुंदर होतं. थोड्याच दिवसांत पापडी गळाली. तळहात लहान पोराच्या तळव्यांसारखे. भूक खवळली. चेहरा भरला, गाल गोल झाले. केंद्रावर लोक म्हणायचे, "नाना, तब्येत कसली सुधरनी." मी आरशात माझे गोल गाल बघून खूश व्हायचो. ते गाल म्हणजे धोक्याची घंटा होती, हे डॉक्टरीणबाईंनी फार नंतर सांगितलं.

एकट्या मंगलालाच ते पटत नव्हतं. "त्या पुडीमा काय शे ते तो सांगस नई. जो सांगस नई तो लपाडस," ती म्हणायची. मी तिला काळा शर्ट इस्त्री करायला दिला.

बोली

श्रावण आला. मी स्वतःच जिजीकडे गेलो आणि दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. जिजीनं तळवे चोळून पाहिले, उलटे करून पाहिले. तिचे डोळे भरून आले.

"मी कानबाईले बोली व्हती. सुरश्याना हात साफ कर माय, तो स्वताना हातघाई मूठ घाली. तिनी आयकं."

आणि तिनं बोलीचा, म्हणजे नवसाचा, दुसरा अर्धा भाग सांगितला. गहू धुतल्यापासून कानबाई नदीवर जाईपर्यंत दवाईचा एक कणही तोंडात घालायचा नाही. देवीनं बरं केलं आहे, तर पुडीची खोट मध्ये नको.

मी क्षणभरही थांबलो नाही. सुपात हात घातला, मूठ भरली, वर पाव मूठ घाईतच टाकली, ती पावही भरली नसेल. गहू थंड होते. त्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर मला जे वाटलं त्यापुढे पुडी काय चीज. घरी जाऊन पुड्यांचा डबा माळ्यावर ठेवून दिला.

मंगला म्हणाली, "एकदम बंद?"

"एकदम. बोली आहे."

पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग पाठीवर मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं. पोटावर लाली आली. ती चट्ट्यांची नव्हती, एकमेकांत मिसळत जाणारी होती, पाण्यात कुंकू सांडावं तशी. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. देवी बसायच्या दिवशी मानेपासून घोट्यापर्यंत मी लाल होतो, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि शर्टाच्या आत कातडीचे पापुद्रे सुटत होते. मंगलाला मी सांगितलं, उष्णता झाली. दुसऱ्या दिवशी देवी नदीवर गेली की पुडी सुरू करायची, एवढंच डोक्यात होतं. एक दिवस तर काढायचा.

मिरवणूक

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. पुढे ढोल, मध्ये फुगड्या घालणाऱ्या बाया, डोक्यावर चौरंग घेतलेली आबादादाची बायको, आणि मागे आम्ही पुरुष. ढग होते, पाऊस नव्हता, अंगाला चिकट उकाडा. सगळ्यांचे शर्ट घामानं भिजलेले. आणि मला थंडी वाजत होती.

सुरुवातीला पोटातून एक लहर आली. मग दात वाजायला लागले. मी जबडा घट्ट धरला तर मान हलायला लागली. ढोलाच्या प्रत्येक टोल्याला माझं अंग उडत होतं, किंवा तसं दिसत तरी होतं. चेहरा तर आधीच लालभडक.

पुढच्या बायांतली एक वळून थांबली. तिनं दुसरीला हात लावला. मग कुणीतरी म्हणालं, "कानबाई उनी. सुरेशनानाना अंगमा उनी."

ढोलवाल्यांनी हात वाढवला. आमच्या गावात हे असंच करतात. ज्याच्या अंगात देवी आली त्याच्याभोवती गोल करतात आणि ढोल जोरात वाजवतात, म्हणजे देवीला बोलायला बरं पडतं. माझ्याभोवती गोल झाला. कुणीतरी कपाळाला हळदीकुंकू फासलं. ते कपाळाला लागलं तेव्हा मिरची लावल्यासारखी आग झाली आणि मी किंचाळलो. किंचाळल्यावर तर कुणाला शंकाच उरली नाही.

जिजी पुढे आली. माझी जिजी, जिच्या पाया मी जन्मभर पडलो, ती माझ्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून विचारत होती, "माय, काय चुकनं आमनं? सांग."

मला सांगायचं होतं, जिजी, ऊठ. तोंडातून निघालं, "मले थंडी वाजी ऱ्हायनी."

"मायले थंडी वाजी ऱ्हायनी," जिजीनं सगळ्यांना सांगितलं. "शालू आना."

आणि माझ्या खांद्यांवर हिरवा शालू आला. हे आठवून आज घरात सगळे हसतात, पूनम तर मला "कानबाई" म्हणते. पण मला विचाराल तर त्या शालूच्या आत मी मरत होतो आणि ते मला कळत होतं. डोळ्यांपुढे माणसं पांढरी व्हायला लागली होती. मी बोलेन ते देवीचं बोलणं ठरणार होतं. मदत मागायची सोयच उरली नव्हती.

मंगला बायांच्या फुगडीत पुढे होती. तिला ढोलाची चाल बदललेली कळली. ती गोलात घुसली, माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर माझ्या शर्टाची बाही वर सारली. तिच्या बोटांबरोबर कातडीचा पापुद्रा निघून आला. तिनं तो पाहिला. मग हाताचा पालथा पंजा माझ्या गळ्याला लावला.

"ढोल बंद करा," ती म्हणाली.

ढोल बंद झाले नाहीत.

"जिजी, हाई कानबाई नई. हाऊ आजार शे."

"मंगला, मधमा पडू नको. मन्ही बोली शे."

"तुमनी बोली तुमनाजोडे. मना नवरा मले जित्ता पाहिजे."

जिजीला असं कुणी आजवर बोललं नव्हतं. ढोल आपोआप थांबले. बाया मागे सरकल्या. मंगला जिजीकडे न बघता आबादादाला म्हणाली, "आबाभाऊ, गाडी काढा." आबादादानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पळत सुटला. मला शालूसकट गाडीत घातलं. कानबाई तशीच रस्त्यात चौरंगावर थांबली होती. मागच्या काचेतून मला शेवटचं दिसलं ते जिजी, रस्त्याच्या मधोमध, रिकाम्या हातांनी उभी.

दवाखाना

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. कपाळावर कुंकू, अंगावर शालू, तरी ओळखलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय घेत होता? आणि कधी बंद केलं?"

मंगलानं पुडीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, बहुतेक त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार. ते आजाराला झाकणासारखं दाबून धरतं आणि एकदम काढलं की आजार झाकण फोडून वर येतो. "तुमची सगळी कातडी पेटली आहे, काका. कातडी हे अंगाचं घर असतं. तुमच्या घराच्या भिंती पडल्यात. आतली ऊब आणि पाणी बाहेर चाललंय. म्हणून थंडी."

"वाचतील ना?" मंगलानं विचारलं.

"वेळेवर आणलंत," बाई म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत. ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

पुढचे दिवस एकसारखे होते. सलाइन. ब्लँकेट. लघवी मापात. नाडी सारखी बघायची. सकाळ-संध्याकाळ सिस्टर येऊन अंगभर व्हॅसलीन चोपडायच्या, बैलगाडीच्या आखाला वंगण द्यावं तसं. साफसफाईच्या मावशी रोज माझ्या खाटेखालून सुपलीभर कातडी गोळा करायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "आज कमी आहे बरं का, भाऊ." त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

मंगला स्टुलावर बसून असायची. आमचं बोलणं कमी व्हायचं. एकदा मी विचारलं, "जिजी काय म्हणाली असेल?"

"मले माहीत नई. आनि आते मी घाबरस बी नई," ती म्हणाली. पण तिचे हात पदराशी चाळा करत होते. भाऊबंदकीत राहायचं तिला होतं. मी खाटेवर होतो, मला कोण बोलणार होतं?

ताट

एका दुपारी मंगला खाली औषध आणायला गेली होती. दार ढकललं गेलं आणि जिजी आत आली. मागे आबादादा, हातात डबा.

जिजीनं माझ्याकडे पाहिलं. व्हॅसलीननं चमकणारा, फुगलेला, सोललेला मी. तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीला आल्या.

"बाई, हाऊ रोट शे," जिजी म्हणाली. "त्यानी मूठना शे. पुनवना अंदर त्याले खावाच पडस. खाई सके का?"

बाई इकडच्याच, त्यांना रोट सांगावा लागला नाही. "खाऊ द्या, आजी. थोडा थोडा."

"आनि त्याना ताटमानं दुसरानी खादं ते?"

बाई म्हणाल्या, "काहीच होत नाही. हात लावा, जवळ बसा, एका ताटात जेवा. ह्यांचं तुम्हाला काही लागत नाही. उलट तुमचं ह्यांना लागेल. ह्यांची कातडी उघडी आहे सध्या. हात धुतलेत का?"

जिजी गोंधळली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांना हात धुवायला लावले होते. ती बेसिनकडे गेली आणि साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मग बाईंना उलटसुलट करून दाखवले. मी त्या हातांकडे बघत होतो. श्रावण लागल्यावर मी तिला माझे असेच दाखवले होते.

तिनं मला घास भरवले. दोन-तीन घासांवर मला जाईना. ओठ फाटलेले होते, गिळताना दुखत होतं. ताटात पाऊण पोळी उरली.

रोट टाकायचा नाही. बाहेरच्याला द्यायचा नाही. उष्टं ताट घरी न्यायचं नाही. आबादादा भिंतीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "राहू दे जिजी, मी संध्याकाळी खातो." पोळीवर तोवर माझ्या हाताची एखादी पापडी पडली असली तर ती मला दिसत नव्हती, पण मी ती शोधत होतो.

जिजीनं ताट आपल्या मांडीवर ओढून घेतलं. स्टूल माझ्या खाटेजवळ सरकवलं. आणि पाऊण पोळी, आमटीत बुडवून बुडवून, सावकाश सगळी खाल्ली. ताटात पाणी घालून ते पाणीही प्यायली.

"आमटीमा मीठ कमी पडनं," एवढंच म्हणाली.

मंगला औषधं घेऊन दारात उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नाही. जिजीनं तिला पाहिलं, शेजारचं दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बठ. उभी काय शे? तुनी वाटनी पोयी डबामा शे."

आता

मला घरी येऊन वर्ष होत आलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या कोपरावर, डोक्यात, नखांत हे सुरू झालं असेल तर माझ्याकडून इतकंच. मी डॉक्टर नाही, दूधवाला आहे.

काय घ्यायचं हे कातडीच्या डॉक्टरांना ठरवू द्या. प्रत्येकाचं वेगळं असतं. माझ्याच ओळखीतल्या एका शिक्षकांचं नुसत्या मलमावर आणि रोज अंघोळीनंतर खोबरेल चोपडण्यावर भागतं. दुसऱ्या एकाला किरणांचा शेक मानवला. डोळ्यांवर काळा चष्मा लावून कपाटासारख्या यंत्रात उभं राहायचं, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहरात जावं लागतं आणि माझ्या म्हशी तितकी रजा देत नाहीत. मला बाईंनी मेथोट्रेक्सेटची गोळी दिली. सुरू करण्याआधी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, आणि अजूनही ठरल्या वेळी रक्त तपासतात, लिव्हरसाठी. लग्नातला आग्रहाचा पेला बंद.

ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतते. बाईंनी हे माझ्याकडून वदवून घेतलं, मग मंगलाकडून. आमचा वार रविवार. त्याशिवाय वेगळ्या वारी एक दुसरी, पिवळी गोळी, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून. कुठलंही औषध कुणी सांगतं म्हणून सुरू करू नका, आणि कुणासाठीही, देवीसाठीसुद्धा, आपल्या मनानं एकदम बंद करू नका. आधी विचारा. मी बाईंना पुढे विचारलं होतं, "बोली असेल तर?" त्या म्हणाल्या, "मला फोन करायचा. देवीलाही चालेल अशी वाट काढू."

आणि आजार गेला का? नाही. कोपरांवर एकेक चट्टा आहे, बोटांच्या पेरांवर थोडी पापडी आहे. थंडीत वाढते. लोक अजून दूध स्वतःच ओततात. फक्त ते बाबा आपला कॅन पुन्हा माझ्या हातात देतात आणि फॅट कमी लागलं की मला शिव्या देतात, पूर्वीसारख्या.

गेल्या रविवारी जिजीनं गहू काढले. मी सगळ्यात शेवटी गेलो, मुद्दाम. आबादादाची घालून झाली होती, पोरांची झाली होती. मी हात मागे बांधून उभा राहिलो. पेरांवरची पापडी दिसू नये म्हणून.

"दादा घाली दी मन्ही," मी म्हटलं. "हात अजून साफ नई व्हयना जिजी."

जिजीनं वर पाहिलं. "आज रईवार शे ना?"

"हो."

"गोयी लिधी?"

"जेवण झाल्यावर घेतो."

"जेवेल शे तू. मंगलानी सांगं मले." तिनं सूप बाजूला सारलं. "आधी गोयी."

मंगला दारात गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. ह्या दोघींचं आधीच ठरलेलं होतं. मी सगळ्या भाऊबंदांसमोर गोळी घेतली. जिजी म्हणाली, "जीभ दखाड." मी दाखवली. पोरं खिदळली.

मग तिनं सूप पुढे ओढलं. मी हात पुढे केला आणि थबकलो. पेरावरून एक पांढरी पापडी सुटून गव्हावर पडली होती. जिजीलाही ती दिसली. तिनं वाकून, गव्हातलं फोल उडवावं तशी, हलक्या फुंकरीनं ती उडवली.

"घाल," ती म्हणाली. "आनि सव्वा घाल. मांगना वरीसले कमी घाली व्हती तू."